खेळण्यातलं विष आणि कायद्याचं संरक्षण: खरेदीपासून तक्रारीपर्यंत

तान्हं मूल खेळण्याशी जितकं हाताने खेळतं तितकंच तोंडाने. खुळखुळ्याचा रंग चाटला जातो, रबरी बदकाची चोच चघळली जाते, गाडीच्या चाकावरून फिरलेली बोटं तोंडात जातात. रंगात शिसं असेल किंवा प्लास्टिकमध्ये थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) असेल, तर ते पोटात जायला यापेक्षा सोपी वाट नाही. आणि हे डोळ्यांनी दिसत नाही, जिभेला कळत नाही. त्यामुळे घरच्या घरी पारख करण्यावर विसंबता येत नाही. इथे कायद्याचा आणि प्रयोगशाळेचाच आधार लागतो.

भारतात हा कायदा कडक आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं आयएसआय चिन्हाशिवाय बनवणं, आयात करणं, विकणं, भाड्याने देणं, विक्रीसाठी साठवणं, इतकंच काय, दुकानात मांडून ठेवणं हाही गुन्हा आहे. तरी बाजारात बिनचिन्हाची खेळणी दिसतात, कारण दुकानदाराला चिन्हाबद्दल विचारणारं गिऱ्हाईक फार कमी असतं आणि चिन्हाखालचा क्रमांक तपासणारं त्याहून कमी. हा लेख त्या क्रमांकापासून ग्राहक आयोगापर्यंतच्या वाटेबद्दल आहे.

कायद्याची चौकट

मुख्य आदेश आहे ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०’. केंद्राच्या उद्योग विभागाने तो फेब्रुवारी २०२० मध्ये काढला. तो ‘भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६’ (ब्युरो म्हणजे बीआयएस, आयएसआय चिन्हाचा परवाना देणारी संस्था) च्या कलम १६ खाली आहे, आणि त्याच कायद्याचं कलम १७ बिनचिन्हाच्या मालाची विक्री रोखतं. कलम १७ मोडलं तर कलम २९ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख आणि पुढच्या वेळी किमान ५ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. ‘आम्ही फक्त विकतो, बनवत नाही’ ही दुकानदाराची सबब कलम १७ पुढे टिकत नाही.

हा आदेश येण्याचं कारणही समजून घ्यावं. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी घेऊन तपासली. त्यांतली सुमारे ६७ टक्के सुरक्षेच्या चाचण्यांत नापास झाली. त्याआधी आयात मालावर नियम होते, पण देशात बनणाऱ्या आणि किरकोळ विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर सक्ती नव्हती.

खेळण्याला लागू होणारी मानकं अनेक आहेत. बिनविजेच्या खेळण्यासाठी मुख्य मानक आयएस (म्हणजे भारतीय मानक) ९८७३ (भाग १). हा भाग टोकदार कडा, सुटणारे बारीक तुकडे अशा यांत्रिक गोष्टींचा. बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यासाठी मुख्य मानक आयएस १५६४४. विषारी द्रव्यांचे नियम मात्र आयएस ९८७३ च्याच वेगळ्या भागांत आहेत: जड धातूंसाठी भाग ३, बोटांनी रंगवायच्या रंगांसाठी भाग ७ आणि थॅलेटसाठी भाग ९. पाकिटावर फक्त मुख्य मानकाचा क्रमांक दिसला म्हणून बाकीच्या चाचण्या झाल्याच नाहीत असं समजू नये; परवाना देताना त्या खेळण्याला लागू असलेले सगळे भाग तपासावे लागतात.

कशाची किती मर्यादा

भाग ३ मध्ये आठ मूलद्रव्यं आहेत. खेळण्याचं साहित्य आम्लात ठेवल्यावर त्यातून किती धातू बाहेर पडतो, ते मोजतात. एक किलो साहित्यामागे मिलिग्रॅममध्ये मर्यादा अशा: शिसं ९०, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६०, क्रोमियम ६०, अँटिमनी ६०, बेरियम १०००, सेलेनियम ५००. मुलांच्या मळण्याच्या मातीसाठी काही आकडे आणखी खाली येतात: कॅडमियम ५०, पारा २५, क्रोमियम २५, बेरियम २५०. बोटांनी रंगवायचे रंग तर थेट तोंडात जाण्याची शक्यता, म्हणून तिथे शिशाची मर्यादा २५ आणि आर्सेनिक, पारा, अँटिमनी यांची प्रत्येकी १०.

चाचणीची रीत कळली तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. रंग खरवडून किंवा प्लास्टिक बारीक कापून ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश सेल्सिअसला, एक तास हलवतात आणि एक तास तसंच ठेवतात. म्हणजे गिळलेला तुकडा मुलाच्या पोटात असता तर काय झालं असतं, याची ही नक्कल. मग त्या द्रावात किती धातू उतरला ते मोजतात. मोजला जातो तो सुटून बाहेर येणारा धातू. खेळण्यात एकूण किती आहे तो नव्हे.

म्हणूनच पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या क्ष-किरण यंत्राने कुणी खेळणं तपासून ‘यात ३०० पीपीएम (दहा लाखांत ३०० भाग, म्हणजे किलोमागे ३०० मिलिग्रॅम) शिसं आहे’ असं सांगितलं, तर भारतीय मानक मोडलं हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. ते यंत्र एकूण शिसं दाखवतं. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानंतर एकूण शिशावरच मर्यादा आहे, रंगात ९० आणि मूळ साहित्यात १०० पीपीएम. त्यामुळे तिथल्या संकेतस्थळांवरचे आकडे आपल्या तक्रारीत जसेच्या तसे वापरू नयेत. संशय पक्का करायला यंत्र चांगलं. दावा करताना आयएस ९८७३ (भाग ३) प्रमाणे केलेला अहवालच लागतो.

थॅलेट ही प्लास्टिक मऊ करणारी रसायनं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला रबरासारखं लवचीक करायला ती मिसळतात. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, म्हणून चघळताना लाळेत उतरतात. यातली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. भाग ९ मध्ये डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी या तिघांवर, आणि तोंडात घालता येतील अशा खेळण्यांत डीआयएनपी, डीआयडीपी व डीएनओपी या आणखी तिघांवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

काही गोष्टी या यादीबाहेर राहतात. आठ मूलद्रव्यांत बोरॉन नाही. स्लाइम नावाचा चिकट गोळा बहुधा बोरॅक्स या बोरॉनयुक्त क्षाराने घट्ट केलेला असतो. युरोपीय महासंघात चिकट खेळण्यांत सुटणाऱ्या बोरॉनवर किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे तशी चाचणी या भागात नाही. म्हणून चिन्ह असलं तरी लहानग्याच्या हातात स्लाइम देऊ नये, आणि मोठ्या मुलांनी खेळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

विष येतं कुठून

पिवळा आणि केशरी रंग जास्त संशयाचा. लेड क्रोमेट हे रंगद्रव्य स्वस्त, भडक आणि एका हातात झाकणारं असल्यामुळे हलक्या दर्जाच्या रंगांत वापरलं जातं. लाल-पिवळ्या काही छटांत कॅडमियम असतं. जुन्या पद्धतीच्या पीव्हीसीत उष्णतेने प्लास्टिक बिघडू नये म्हणून शिशाची संयुगं घालत. खोट्या दागिन्यांच्या ओतीव धातूत, म्हणजे बाहुलीच्या माळा, मुलींच्या खेळातल्या अंगठ्या यांत, शिसं आणि कॅडमियम दोन्ही सापडू शकतात. काळ्या रंगाच्या अगदी स्वस्त प्लास्टिकमध्ये भंगारातल्या संगणक-टीव्हीच्या आवरणांचा पुनर्वापर झालेला असू शकतो आणि त्यातून आग रोखणारी ब्रोमीनयुक्त रसायनं खेळण्यात येतात. त्यांपैकी काहींवर भारतात २०१८ च्या चिवट सेंद्रिय प्रदूषकांच्या नियमांनुसार बंदी आहे.

वासावर जाऊ नये. शिशाला वास नसतो, थॅलेटला जवळजवळ नसतो. उग्र वास आला तर तो बहुधा द्रावकाचा. असं खेळणं घेऊ नये हे खरं, पण वास नाही म्हणून खेळणं निर्धोक ठरत नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ ही छापील अक्षरं तर कुणीही छापू शकतं.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

आधी आयएसआय चिन्ह शोधा. ते खेळण्यावर किंवा त्याच्या वेष्टनावर असतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक हवा: आयएस ९८७३ (भाग १) किंवा आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनंतर परवान्याचे आकडे हवेत. जुन्या परवान्यांत सात, नव्यांत दहा. हे तिन्ही एकत्र नसतील तर ते चिन्ह अपुरं आहे.

मग फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप उघडा. परवाना पडताळण्याच्या पर्यायात तो क्रमांक टाकला की परवानाधारकाचं नाव, पत्ता, मानक आणि परवान्याची सद्यस्थिती दिसते. चार गोष्टी जुळवून पाहा. नाव आणि पत्ता वेष्टनावरच्या उत्पादकाशी जुळतो का. परवाना चालू आहे का, की मुदत संपलेला, स्थगित किंवा रद्द आहे. मानक खेळण्याचंच आहे का; खोटं चिन्ह छापणारे कधी कधी भलत्याच वस्तूचा खरा क्रमांक उचलतात, आणि ॲपवर प्रेशर कुकर किंवा वायरचा परवाना निघतो. चौथं म्हणजे परवान्याच्या व्याप्तीत हा प्रकार येतो का: मऊ कापडी बाहुल्यांच्या परवान्यावर बॅटरीची गाडी विकता येत नाही.

आयात खेळण्यांबाबत एक गोष्ट लोकांना चकवते. परवाना आयातदाराला मिळत नाही, परदेशातल्या त्या कारखान्याला मिळतो. त्यामुळे ॲपवर परदेशी कारखान्याचं नाव आणि वेष्टनावर भारतीय आयातदाराचं नाव दिसलं तर लगेच खोटं ठरवू नये. वेष्टनावर उत्पादक म्हणून तोच कारखाना लिहिलेला आहे का, ते बघावं.

बाकीची चिन्हं आयएसआयची जागा घेत नाहीत. ‘सीई’ हे बहुतेक खेळण्यांवर उत्पादकाने स्वतः केलेलं युरोपीय नियमांचं घोषणापत्र असतं. ‘ईएन ७१’ किंवा ‘एएसटीएम’ ही परदेशी मानकं. ‘आयएसओ ९००१’ कारखान्याच्या कारभाराबद्दल आहे, खेळण्याबद्दल नाही. बॅटरीच्या खेळण्यांवर ‘आर’ अक्षर आणि आकडे दिसतात, ती बहुधा आतल्या बॅटरीची किंवा चार्जरची नोंदणी असते. विक्रेता हाच क्रमांक दाखवून ‘बीआयएस आहे ना’ म्हणतो. तेव्हा ‘खेळण्याचा सीएम/एल क्रमांक दाखवा’ असं स्पष्ट म्हणावं.

वेष्टनावर आणखीही मजकूर कायद्याने हवा. वजन-मापांच्या २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि आयात मालावर मूळ देश लिहावा लागतो. हे नसेल तर राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेकडेही वेगळी तक्रार होते. जिथे रसायनाचा पुरावा लगेच हाती नसतो तिथे ही तक्रार उपयोगी पडते, कारण ती केवळ वेष्टनाच्या फोटोवर उभी राहते.

बिल घ्याच. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ‘खेळणं, १ नग’ एवढं नको; नाव आणि मॉडेल लिहून घ्यावं, नाहीतर पुढे ‘हे आमच्याकडचं नाही’ म्हणायला दुकानदार मोकळा.

सूट कुणाला आहे आणि तिचा अर्थ काय

डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने दोन गटांना आयएसआय चिन्हातून सूट मिळाली. एक, केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या मालासाठी. दोन, भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेल्या वस्तूचे नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते. कर्नाटकातली चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी हे ओळखीचं उदाहरण.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी भाजी-फळं किंवा भातुकली घेताना ‘चिन्ह का नाही’ म्हणून कारागिराशी वाद घालू नये. त्याऐवजी दोन प्रश्न आपुलकीने विचारावेत: ‘दादा, तुमचं हस्तकलेचं ओळखपत्र आहे का?’ आणि ‘रंग कुठला वापरता?’ लाख आणि वनस्पतीजन्य रंग असेल तर कारागीर अभिमानाने सांगतो. बाजारातला ऑइल पेंट असेल तर डबा दाखवायला सांगावा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि तशी नोंद डब्यावर असते. औद्योगिक वापराचा रंग या नियमात येत नाही, म्हणून गाड्या किंवा यंत्रांसाठीचा रंग खेळण्याला नकोच.

ही सूट चिन्हापुरती आहे. सदोष वस्तूबद्दलची ग्राहक कायद्याची जबाबदारी कारागिरालाही असतेच. आणि ती कारागिराची सूट आहे, व्यापाऱ्याची नाही: कारखान्यात यंत्रावर बनलेली लाकडी गाडी ‘हस्तकला’ म्हणून दुकानात ठेवली तर तिला सूट मिळत नाही.

खेळण्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्याच वस्तू या आदेशात येत नाहीत. सायकली आणि ५०० हून अधिक तुकड्यांची चित्रकोडी मानकाच्या कक्षेबाहेर आहेत. उलट, दात येताना चावायची टीदर-खेळणी आत येतात आणि तिथे चिन्हाबद्दल अजिबात तडजोड करू नये.

ऑनलाइन घेताना

पानावर मूळ देश, विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दिसायला हवा. आयएसआय चिन्ह आणि क्रमांक दिसेल असा फोटो नसेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या. मागवण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. वाद झाल्यावर पानं बदलतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय चिन्हाविना खेळणी विकल्याच्या मुद्द्यावर तीन मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या, त्यामुळे ‘आम्ही फक्त मंच आहोत’ हे उत्तर पुरेसं मानू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण द्यायचं असतं. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढला तर आत काय आलं यावर वाद उरत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या खेळण्यावर आयएसआय नसणारच. ते कुठल्या देशात विकत घेतलं ते विचारा आणि त्या देशाची परत मागवलेल्या मालाची यादी बघा: अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची, युरोपात ‘सेफ्टी गेट’ची. मॉडेलचं नाव आणि बॅच क्रमांक टाकून दोन मिनिटांत शोधता येतं.

संशय आला तर: आधी पुरावा, मग राग

इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. रंगाचे पापुद्रे निघताना दिसले की आई-वडील खेळणं घेऊन दुकानात जातात, दुकानदार पैसे देतो आणि खेळणं ठेवून घेतो. पैसे मिळतात, पुरावा जातो, आणि तेच खेळणं पुन्हा मांडणीवर चढू शकतं.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. मुलाकडून खेळणं काढून घ्या. सगळ्या बाजूंचे, चिन्हाचे, बॅच क्रमांकाचे, बिलाचे फोटो काढा. खेळणं धुऊ नका, पुसू नका. स्वच्छ झिपच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा. पडलेले पापुद्रे ओल्या कागदाने टिपून वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि तो भाग ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारला तर शिशाची धूळ हवेत उडते. सँडपेपरने घासून रंग काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट. त्याच बॅचचे आणखी दोन-तीन नग वेष्टनासह मिळाले तर बिलासकट घेऊन न उघडता ठेवा. प्रयोगशाळेला खरवडून पुरेसा रंग मिळावा लागतो आणि छोट्या मण्यावरून चाचणीच होऊ शकत नाही.

खेळण्याला घरी नवा रंग देऊ नका, तुकडे जोडू नका. वस्तूत फेरफार झाला किंवा तिचा गैरवापर झाला असं दाखवता आलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ नुसार उत्पादन-दायित्वातून (सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीतून) विक्रेता सुटू शकतो. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहिलेलं खेळणं वर्षाच्या बाळाला दिलं होतं, हा बचावही असाच येतो.

चाचणी खाजगीत करायची असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि बीआयएसने मान्य केलेली प्रयोगशाळा निवडा. यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर असते. मान्यता नेमकी आयएस ९८७३ च्या भाग ३ आणि भाग ९ साठी आहे का, हे आधी विचारा. एखादी प्रयोगशाळा फक्त यांत्रिक चाचण्यांसाठी मान्य असते. प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी धरली जाते, त्यामुळे सात रंगांच्या खेळण्याचा खर्च वाढतो. पिवळा, केशरी आणि लाल आधी द्या. बाजारात मिळणाऱ्या, चोळल्यावर रंग बदलणाऱ्या, शिसं तपासायच्या घरगुती काड्यांवर विसंबू नका. त्या खोटा दिलासा आणि खोटी भीती दोन्ही देतात.

तक्रारीचे तीन दरवाजे

तिन्ही ठिकाणी वेगळं मिळतं, म्हणून कुठे काय मागायचं हे नीट ठरवा.

बीआयएसकडे माल जप्त करण्याचा अधिकार आहे. दुकान बिनचिन्हाची खेळणी विकत असेल किंवा चिन्ह खोटं वाटत असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपमधून तक्रार करा. मुंबई, पुणे आणि नागपूरला शाखा कार्यालयंही आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही, चिन्ह नसणं हाच भंग. दुकानाचा पूर्ण पत्ता, माल कुठल्या मजल्यावर किंवा गोदामात आहे, फोटो आणि तारीख द्या. मजकूर इतका पुरे: ‘सदर दुकानात खालील खेळणी आयएसआय चिन्हाविना विक्रीस ठेवलेली आहेत. हा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० आणि भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १७ चा भंग आहे. कृपया तपासणी करून जप्तीची कारवाई करावी व माझी ओळख गोपनीय ठेवावी.’ चिन्ह खरं आहे पण माल निकृष्ट आहे, अशी तक्रार असेल तर तसं वेगळं नमूद करा. चिन्ह असलेला माल मानकाला उतरला नाही तर कलम ३१ नुसार ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे.

दुसरा दरवाजा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. इथे कंपनीशी मध्यस्थी होते आणि पैसे परत मिळण्याचं काम बऱ्याचदा इथेच उरकतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यासाठी कायद्याने ३० दिवस धरलेले आहेत, हे बोलताना सांगा. एकाच बॅचमुळे अनेक मुलांना धोका असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा: कलम १७ ती वाट देतं, आणि कलम २० खाली प्राधिकरण असुरक्षित माल बाजारातून परत मागवण्याचा आणि ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आदेश काढू शकतं. ही दोन्ही कलमं ग्राहक संरक्षण कायद्याची. बीआयएस कायद्याच्या कलम १७ शी गल्लत करू नये.

तिसरा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा, नुकसानभरपाईसाठी. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंचे दावे तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनी दिल्लीची असली तरी. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून दाखल करता येतो, वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. मूल कायद्याच्या दृष्टीने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असतं, म्हणून आई-वडील किंवा कायदेशीर पालक तक्रारदार होतात. खेळणं भेट मिळालेलं असेल तरी हरकत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच, फक्त मामा-काकांकडून बिलाची प्रत मागून घ्या.

दाव्यात प्रयोगशाळेसाठी वेगळा अर्ज जोडा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोग नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. शुल्क आधी तक्रारदार भरतो. हा अहवाल तुमच्या खाजगी अहवालापेक्षा वजनदार, कारण नमुना आयोगाच्या सीलखाली गेलेला असतो. म्हणूनच ते न उघडलेले नग जपून ठेवायचे.

दाव्यात दोन मागण्या वेगळ्या लिहा. खेळणं सदोष होतं, पैसे परत द्या आणि त्रासाबद्दल भरपाई द्या, ही पहिली. मुलाच्या प्रकृतीचं नुकसान झालं, ही दुसरी. पहिलीला चिन्हाचा अभाव किंवा चाचणीचा अहवाल पुरतो. दुसरीसाठी आजाराचा त्याच खेळण्याशी संबंध दाखवावा लागतो आणि तो अवघड असतो, कारण शिसं घराच्या जुन्या रंगातून, भेसळीच्या हळदीतून, सुरम्यातून किंवा जवळच्या बॅटरी-भंगाराच्या कामातूनही येतं. दोन्ही एकाच दमात मांडल्या तर दुसरीच्या कमकुवतपणाने पहिलीही डळमळते.

मुलाची तपासणी

मूल ते खेळणं बरेच दिवस चोखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. नमुना शिरेतून घेतलेला चांगला. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर उगम शोधून बंद करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची सूचना आहे. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचं शरीर शिसं जास्त शोषतं, म्हणून डॉक्टरांशी आहाराबद्दलही बोलावं. घरगुती काढे किंवा ‘विष उतरवणाऱ्या’ गोळ्या देऊ नयेत. अहवालावर तारीख आणि नमुन्याचा प्रकार असल्याची खात्री करा. दाव्यात तो लागतो.

बटणासारखी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठून एक्स-रे काढून घ्यावा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजतं.

बालवाड्या, अंगणवाड्या आणि खेळणीघरं

एकगठ्ठा खरेदी करणाऱ्यांच्या हातात पालकांपेक्षा जास्त ताकद असते. दरपत्रक मागवतानाच अट घाला: प्रत्येक प्रकारच्या खेळण्यापुढे सीएम/एल क्रमांक लिहावा, परवान्याची प्रत जोडावी, आणि भाग ३ व भाग ९ चे चाचणी अहवाल द्यावेत. अहवालावर मॉडेल, रंग आणि तारीख जुळवा. पुरवठादार एका निळ्या चेंडूचा अहवाल वीस खेळण्यांना चिकटवतात. माल आल्यावर पैसे देण्याआधी प्रत्येक प्रकारातलं एक खेळणं ॲपवर तपासा. खेळणी भाड्याने देणाऱ्या ग्रंथालयांनाही बीआयएस कायद्याचं कलम १७ लागू आहे, कारण त्यात भाड्याने देणंही मोडतं. देणगीत आलेली जुनी, रंग उडालेली खेळणी नम्रपणे नाकारावीत.

तक्रार निकाली निघेपर्यंत संशयित खेळणं पिशवीतच ठेवा. त्यानंतर ते कुणाला देऊ नका, भंगारात विकू नका. पीव्हीसीचं खेळणं जाळू नका, त्यातून डायॉक्सिन ही विषारी रसायनं निघतात. बॅटरी काढून ती आणि विजेचं खेळणं ई-कचरा केंद्रात द्या. बाकीचं पिशवीसकट, ‘घातक, वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून, पालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या.